इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, मुंबई

अभियांत्रिकी, तंत्रविद्या व मूलभूत विज्ञाने यांच्या उच्च शिक्षणासाठी आणि संशोधनासाठी केंद्र शासनाने मुंबईच्या पवई भागात स्थापिलेली निवासी संस्था. स्थापना १९५८. या नावाच्या भारतीय संस्थांत ती कालानुक्रमे दुसरी असून खरगपूरची संस्था (१९५१) ही पहिली होय. परदेशी साहाय्याने उभारलेली मात्र मुंबईचीच पहिली. हे साहाय्य सोव्हिएट रशियाकडून युनेस्कोच्या द्वारे मिळाले. संस्थेचे आवार विहार व पवई या दोन तलावांच्या परिसरात सु. ५५० एकर (सु. २२२ हे.) जागेवर वसलेले आहे. १९६१ च्या इन्स्टिट्यूट्स ऑफ टेक्नॉलॉजी ॲक्टान्वये तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा लाभला व स्वतःच्या पदव्या देण्याचा अधिकार प्राप्त झाला. पहिली काही दशके तिचा उल्लेख ‘रशियन मदतीची संस्था’ असाच होत असे. हा उल्लेख यथार्थ असला, तरी त्यावरून संस्थेची घडणही रशियन असावी असा जो समज होतो, तो बरोबर नाही. रशियन यंत्रे व रशियन अध्यापक पवईला आले. रशियन तंत्रविद्यापीठाची संघटना मात्र आली नाही. संस्थेच्या पुढील इतिहासाचा बराचसा उलगडा या एका गोष्टीवरून होतो.

महाराष्ट्रात तंत्रशिक्षणाची परंपरा या संस्थेहून शंभर वर्षांनी जुनी आहे. पुणे येथे १८५४ मध्ये ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झाले. सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम दर्जाचे अधिकारी पुरविणे, हा त्याचा मर्यादित हेतू होता. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, ती मुख्यतः कापडगिरण्यांची गरज ध्यानी घेऊन. दिनशा माणेकजी पेटिट यांचे तिला मोठे साहाय्य होते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रविद्येचा स्वतंत्र विभाग काढला. या तिन्ही ठिकाणांहून कर्तबगार अभियंते बाहेर पडले, परंतु तिन्हींची दृष्टी विशिष्ट खाते अथवा विशिष्ट उद्योग यांपुरती होती. नासिक जिल्ह्यातील निफाड येथे जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) यांनी याहून व्यापक विचार मांडला होता. शेतीवर एकवटलेल्या देशाला कारखानदारीकडे वळविल्यावाचून त्याचे दारिद्र्य हटणार नाही आणि त्यासाठी शासनाने पुढाकार घेतला पाहिजे, हे त्यांच्या अर्थविचाराचे सूत्र होय. पुण्यात १८९० मध्ये भरलेल्या औद्योगिक परिषदेमागे त्यांचीच प्रेरणा होती. शासन हे यंत्रविद्येचे केवळ गिऱ्हाईक न राहता तिचे पोषक व्हावे, ही अपेक्षा पुरी होण्यास स्वातंत्र्य यावे लागले.

दुसरे महायुद्ध संपत आले असता युद्धोत्तर उद्योगीकरणासाठी लागणाऱ्या तंत्रज्ञांचा प्रश्न हिंदुस्थान सरकारपुढे उभा राहिला. १९४५ मध्ये नलिनीरंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. तिने १९४६ च्या अंतरिम अहवालात पूर्व, पश्चिम, उत्तर व दक्षिण भारतात प्रत्येकी एक अशा किमान चार उच्च संस्था काढाव्यात, असे सुचविले. त्यांतील पूर्वेकडची व पश्चिमेकडची विनाविलंब सुरू करावी, असाही आग्रह धरला. प्रत्येक संस्थेत सु. २,००० पदवीपूर्व व १,००० पदव्युत्तर विद्यार्थी असावेत, अशी कल्पना होती. समितीपुढे आदर्श होता तो अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा. विज्ञाने, अभियांत्रिकी व मानव्यविद्या एकाच छत्राखाली, अध्यापनाबरोबर संशोधन आणि अंतर्गत कारभारात स्वायत्तता, ही त्या आदर्शाची लक्षणे होत. पश्चिमेकडील संस्थेचा आराखडा अशा रीतीने रशियन साहाय्याचा विषय निघण्याच्या आधीच ठरून गेलेला होता.

खरगपूरची संस्था निघाली, पण मुंबईची दहा वर्षे रेंगाळली. मुख्य अडचण परकीय चलनाची होती. प्रयोगशाळांना लागणारी यंत्रसामग्री देशात होत नव्हती व ती विकत आणण्यास डॉलर वा पौंड खर्च करणे परवडण्यासारखे नव्हते. ही कोंडी फुटली ती काहीशा अनपेक्षित मार्गाने. संयुक्त राष्ट्रांच्या विस्तारित तंत्रसाहाय्य कार्यक्रमास सोव्हिएट रशियाने १९५३ मध्ये प्रथमच वर्गणी देऊ केली. १९५४ मध्ये तो युनेस्कोचा सदस्यही झाला. ही वर्गणी रुबलमध्ये होती आणि रुबल हे चलन बाहेर बदलून मिळत नसे. म्हणजे त्या पैशातून केवळ रशियन यंत्रे घेता येत व रशियन तज्ञच बोलाविता येत. बहुतेक देशांना त्या यंत्रांची सवय नव्हती, त्यामुळे जमा झालेला हा निधी खर्ची कसा घालावा, ही आंतरराष्ट्रीय संस्थांचीही अडचण होती. भारताला प्रयोगशाळा हव्या होत्या आणि युनेस्कोला रुबल वापरणारा देश हवा होता. १९५५ मध्ये भिलाई पोलाद कारखान्याचा करार झाला. त्याच वर्षी जवाहरलाल नेहरू रशियास जाऊन आले आणि बुल्गानिन व ख्रुश्चॉव्ह भारतात आले. या वातावरणात मुंबईच्या संस्थेसाठी युनेस्कोमार्फत रशियन साहाय्य घेण्याचे ठरले व १९५६ पासून ते प्रत्यक्षात येऊ लागले. त्यामागे मैत्री होती, तसाच चलनाचा हा व्यवहारही होता.

साहाय्य देणाऱ्या देशातील तंत्रविद्यापीठाचे स्वरूप काय होते, हे येथे पाहणे अगत्याचे आहे. रशियातील या परंपरेची मूळ संस्था म्हणजे मॉस्को येथील उच्च तंत्रविद्यालय. पहिल्या निकोलस झारच्या हुकमावरून १८३० मध्ये मॉस्कोच्या अनाथालयातील मुलांसाठी एक कारागिरीची शाळा काढण्यात आली. तिचेच १८६८ मध्ये ‘इंपीरियल मॉस्को टेक्निकल स्कूल’ झाले. व्हिक्टर डेला-व्होस या तिच्या संचालकाने कर्मशाळेतील शिक्षणाची एक नवी पद्धत बसविली. उमेदवाराने उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबून जे शिकावे, त्याचे त्याने सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या पाठांत विभाजन केले. सुतारकाम, कातकाम, लोहारकाम, जोडकाम अशा प्रत्येक कामासाठी ठरावीक नमुन्यांची मालिका असे व ती पुरी केल्यावरच विद्यार्थ्यास उत्पादन करणाऱ्या कर्मशाळेत प्रवेश मिळे. ही ‘रशियन पद्धती’ १८७३ च्या व्हिएन्ना व १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनांत मांडण्यात आली. फिलाडेल्फियात ती पाहून प्रभावित झालेल्यांत जॉन रंकल हे होते आणि ते त्या वेळी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचेच अध्यक्ष होते. त्यांनी ती आपल्या संस्थेत आणली. सरकार समितीने ज्या अमेरिकन संस्थेकडे पाहिले, तिच्या कर्मशाळेत सत्तर वर्षांपूर्वीच मॉस्कोची पद्धत पोहोचली होती, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

क्रांतीनंतर या विद्यालयास बाउमान या क्रांतिकारकाचे नाव मिळाले. वायुगतिविज्ञ झुकॉव्हस्की यांनी तेथे दीर्घकाळ अध्यापन केले. विमानरचनाकार टूपोलेव्ह व सुखोई आणि अग्निबाणांचे अभिकल्पक कोरोल्यॉव्ह हे तिघेही तेथलेच पदवीधर. १९३० मध्ये सोव्हिएट शासनाने मोठमोठी तंत्रविद्यालये फोडून प्रत्येक उद्योगशाखेसाठी वेगळी संस्था निर्माण केली. बाउमान विद्यालयातून विमानविद्या, ऊर्जा, बांधकाम इ. विषयांच्या, तर मॉस्कोच्या खाण अकादमीतून पोलाद, खनिज तेल वगैरे विषयांच्या स्वतंत्र संस्था निघाल्या. त्या त्या-त्या उद्योगाच्या खात्याशी जखडलेल्या होत्या. शिक्षण सु. पाच वर्षांचे असे. अध्यापनाचा घटक ‘काफेद्रा’ म्हणजे एका विषयाचे पीठ. अनेक पीठे मिळून एक विद्याशाखा होई. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यास नेमून दिलेल्या कारखान्यात प्रत्यक्ष काम करावे लागे. शेवटी एका अभिकल्पाचा प्रकल्प तयार करून तो शासकीय परीक्षामंडळापुढे मांडावा लागे. याहून महत्त्वाची तरतूद पुढेच होती : पदवीधरास शासन देईल त्या ठिकाणी साधारणतः तीन वर्षे नोकरी करणे बंधनकारक होते. विद्यालय व कारखाना ही तेथे एकाच यंत्रणेची दोन अंगे होती. या रचनेने शिक्षण अरुंद झाले, विज्ञानाशी त्याचा संबंध पुष्कळदा तुटला आणि व्यक्तीच्या निवडीला वाव उरला नाही, हे दोष उघड आहेत. पण शिकविलेला अभियंता कोठे जाणार, हा प्रश्न मात्र तेथे निघत नसे.

मुंबईच्या संस्थेची आखणी करण्याचे काम पुरुषोत्तम काशीनाथ केळकर (१९०९–९०) यांच्याकडे नियोजन अधिकारी म्हणून सोपविण्यात आले. ते विद्युत् अभियंते असून व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील अध्यापनाचा त्यांना प्रदीर्घ अनुभव होता. पवईची जागा त्या वेळी शहरापासून दूर व झाडीने वेढलेली होती. तेथे इमारती होईपर्यंत थांबायचे नाही, असे ठरल्यामुळे वरळी येथील कृत्रिम रेशीम गिरण्यांच्या संशोधन संस्थेच्या वास्तूत जुलै १९५८ मध्ये पहिले वर्ग भरले. ३,४०० हून अधिक अर्जदारांतून १०० विद्यार्थी निवडण्यात आले होते. पवई येथे नेहरूंच्या हस्ते १० मार्च १९५९ रोजी कोनशिला बसविण्यात आली. पहिले संचालक ब्रिगेडिअर एस. के. बोस हे होत. केळकर १९५९ मध्ये कानपूरच्या नव्या संस्थेचे संचालक झाले. तेथे त्यांना नऊ अमेरिकन विद्यापीठांच्या संघाचे साहाय्य लाभले आणि १९७० मध्ये ते पवईस संचालक म्हणून परत आले. रशियन व अमेरिकन अशा दोन्ही साहाय्यांचा अनुभव एवढ्या जवळून घेतलेला दुसरा भारतीय शिक्षणतज्ञ दाखविणे कठीण आहे.

युनेस्कोमार्फत मिळणारे साहाय्य १९७३ पर्यंत चालू राहिले. या काळात रशियातील नामांकित संस्थांतून ५९ तज्ञ व १४ तंत्रज्ञ पवईस येऊन गेले आणि २७ भारतीय अध्यापकांना रशियात प्रशिक्षणासाठी अधिछात्रवृत्त्या मिळाल्या. १९६५ मध्ये उभय देशांत झालेल्या स्वतंत्र कराराने या साहाय्यात भर पडली. स्थापत्य, यांत्रिक, विद्युत्, रासायनिक व धातुवैज्ञानिक अभियांत्रिकी या आरंभीच्या विभागांच्या प्रयोगशाळा प्रामुख्याने रशियन सामग्रीने सज्ज झाल्या. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात मिन्स्क-२ हा ट्रँझिस्टरयुक्त संगणक संस्थेत आला. कानपूरला १९६३ मध्येच आयबीएम १६२० हा अमेरिकन संगणक बसला होता. मिन्स्कनंतर पवईस ईसी-१०३० हा सोव्हिएट बनावटीचा मोठा संगणक आला. त्याची अंतर्रचना मात्र आयबीएम ३६० या अमेरिकन मालिकेबरहुकूम केलेली होती. मद्रासला (१९५९) पश्चिम जर्मनीचे आणि दिल्लीला ब्रिटनचे साहाय्य मिळाल्यामुळे एकाच नावाच्या पाच संस्थांतील चार संस्था चार वेगवेगळ्या देशांच्या हातभाराने उभ्या राहिल्या. शीतयुद्धाच्या ऐन काळात हे साधणे, हे भारतीय मुत्सद्देगिरीचे एक यश मानले पाहिजे.

संघटनेच्या बाबतीत मात्र १९६१ च्या अधिनियमाने सर्व संस्थांना एकच साचा दिला. राष्ट्रपती हे प्रत्येक संस्थेचे अभ्यागत असतात. सर्व संस्थांच्या कामात सुसूत्रता राखण्यासाठी तंत्रशिक्षणाचा कार्यभार असलेल्या केंद्रीय मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली एक परिषद असते. संस्थेचा कारभार नियामक मंडळाकडे असतो. त्यात अभ्यागतांनी नेमलेले अध्यक्ष, संचालक, परिक्षेत्रातील राज्यांचे प्रत्येकी एक प्रतिनिधी, शिक्षण, अभियांत्रिकी वा विज्ञान यांतील विशेष ज्ञान असलेले चार परिषद-नियुक्त सदस्य व विद्वत्सभेने निवडलेले दोन प्राध्यापक असतात. अभ्यासक्रम, परीक्षा व शैक्षणिक दर्जा या बाबी विद्वत्सभेच्या अखत्यारीत येतात. संस्थेचे सर्व प्राध्यापक तिचे सदस्य असून संचालक पदसिद्ध अध्यक्ष असतात. कोणत्याही विद्यापीठाशी संलग्नता नाही आणि कोणत्याही उद्योगखात्याची हुकमत नाही, असे हे स्वातंत्र्य आहे. आपल्या इतर महाविद्यालयांचा विद्यापीठीय परीक्षांनी जो कोंडमारा केला, त्यापासून पवईचे अध्यापक वाचले ते यामुळेच. परंतु याच स्वातंत्र्याची दुसरी बाजू अशी की, कारखान्याशी बांधलेला एकही दुवा या रचनेत नव्हता. कर्मशाळेतील तास व सुटीतील औद्योगिक प्रशिक्षण एवढाच काय तो संबंध. सक्तीची नेमणूक लोकशाही देशात शक्य नव्हती व इष्टही नव्हती. परंतु तिच्या जागी दुसरे काय असावे, याचा विचार अधिनियम करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

रशियन पद्धतीचे हे दुसरे, म्हणजे कारखान्याचे अंग महाराष्ट्रातच, पण पवईपासून सु. १८० किमी. दूर, निफाड तालुक्यात उभे राहिले. १९६२ मध्ये मिग-२१ विमाने परवान्यावर भारतात बांधण्याचा करार झाला. त्यासाठी तीन कारखाने ठरले : सांगाड्यासाठी मुंबई-आग्रा रस्त्यावरील ओझर, एंजिनासाठी ओरिसातील कोरापुट व इलेक्ट्रॉनीय सामग्रीसाठी हैदराबाद. १९६३ मध्ये त्यांकरिता स्थापिलेली एरोनॉटिक्स इंडिया ही कंपनी १९६४ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विलीन होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड अस्तित्वात आली. ओझरचा कारखाना परिसरात आजही ‘मिग’ याच नावाने ओळखला जातो. कांदा-द्राक्षांच्या या तालुक्यात ध्वनिवेगाहून अधिक वेगाने उडणाऱ्या विमानाचे सुटे भाग जुळविणारे कामगार व अभियंते तयार झाले, ते ठरावीक पाठांच्या क्रमाने : आधी आलेली विमाने जोडावयाची, मग मोठे भाग घेऊन, मग छोटे भाग घेऊन, शेवटी कच्च्या मालापासून. डेला-व्होसच्या नमुन्यांच्या मालिकेची आठवण यावी, असाच हा क्रम होता. मिग-२१ च्या निरनिराळ्या आवृत्त्या, नंतर मिग-२७ व २००० मध्ये झालेल्या परवाना-करारानुसार सुखोई-३० एमकेआय ही विमाने तेथे बांधण्यात आली. सुखोई हे नाव ज्या विमानरचनाकाराचे, तो बाउमान विद्यालयाचा १९२५ चा पदवीधर होय.

ओझरला बांधणी शिकता आली. आराखडा मात्र मॉस्कोचाच राहिला. पवईला आराखड्यामागील शास्त्र शिकविले जाई, पण बांधणी दूर होती. एकाच देशाच्या साहाय्याने, एकाच राज्यात व जेमतेम सहा वर्षांच्या अंतराने उभी राहिलेली ही दोन स्थळे वेगवेगळ्या मंत्रालयांच्या कक्षेत राहिली. मॉस्कोत जो सांधा विद्यालयाच्या घटनेतच होता, तो येथे व्यक्तिगत प्रयत्नांवर व तुरळक प्रकल्पांवर सोडण्यात आला. प्रस्तुत लेखकाच्या मते सोव्हिएट साहाय्यातून मिळू शकणारा सर्वांत मोठा लाभ आपण येथे गमावला.

याचा परिणाम पदवीधरांच्या वाटचालीत दिसून आला. संस्थेतील यांत्रिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक सुहास सुखात्मे (पुढे संचालक, १९९५–२०००) यांनी एका सहकाऱ्यासह केलेल्या पाहणीत असे आढळले की, १९७३ ते १९७७ या वर्षांत पदवी घेतलेल्यांपैकी सु. ३१ टक्के परदेशी स्थायिक झाले. त्यांतील बहुतेकांची वाट अमेरिकेची होती. रशियन यंत्रांवर शिकलेले विद्यार्थी अमेरिकन विद्यापीठांत व उद्योगांत सहज सामावले गेले, कारण त्यांचा अभ्यासक्रम, त्यांची इंग्रजी व त्यांच्या संस्थेची घडण तिकडे जुळणारी होती. याबद्दल विद्यार्थ्यांना दोष देण्याची जी रूढी पडली, ती अन्यायाची होय. उच्च अभियांत्रिकीला काम देणारा उद्योग देशात पुरेसा नव्हता आणि जो होता त्याच्याकडे जाण्याची वाट कोणी बांधली नव्हती. मागे राहिलेल्यांनी वा परतलेल्यांनी केलेले कामही लहान नाही. धातुवैज्ञानिक अभियांत्रिकीचे १९७८ चे पदवीधर मनोहर पर्रीकर २००० मध्ये गोव्याचे मुख्यमंत्री झाले. या पदावर पोहोचलेले या संस्थांचे ते पहिले विद्यार्थी. २०१४ ते २०१७ या काळात ते संरक्षणमंत्री असताना ओझरचा कारखाना त्यांच्याच खात्याच्या अखत्यारीत होता.

१९७३ पासून अनुसूचित जाती-जमातींसाठी व २००८ पासून इतर मागास वर्गांसाठी राखीव जागा ठेवण्यात आल्या. पदवीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी चार वर्षांचा झाला. संगणकविज्ञान, विमान अभियांत्रिकी, जैवविज्ञाने, पर्यावरण, औद्योगिक अभिकल्प व व्यवस्थापन असे विषय एकामागून एक येत गेले आणि आरंभीच्या पाच विभागांची जुनी मांडणी मागे पडली. २०१८ मध्ये संस्थेची ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’ म्हणून निवड झाली. माजी विद्यार्थी नंदन निलेकणी यांनी २०२३ मध्ये ३१५ कोटी रुपयांची देणगी दिली. एकेकाळी रुबलमध्ये मोजलेल्या वर्गणीवर उभी राहिलेली ही संस्था आता आपल्या विद्यार्थ्यांच्या देणग्यांचाही आधार घेऊ लागली आहे.

साहाय्य देणाऱ्या देशातही पुष्कळ बदल झाले. बाउमान विद्यालयास १९८९ मध्ये तंत्रविद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९९१ मध्ये सोव्हिएट संघराज्य विघटित झाले, त्याबरोबर पदवीधरांच्या सक्तीच्या नेमणुकीची पद्धतही संपुष्टात आली आणि रशियन अभियंतेही मोठ्या संख्येने परदेशी जाऊ लागले. ओझरला बांधलेली मिग-२७ विमाने २०१९ मध्ये व मिग-२१ विमाने सप्टेंबर २०२५ मध्ये वायुसेनेतून निवृत्त झाली. त्यानंतरच्या ऑक्टोबरात तेजस या भारतात अभिकल्पित झालेल्या लढाऊ विमानाच्या उत्पादनाची मालिका ओझरच्या कारखान्यात सुरू करण्यात आली.